चार सोबत्यांची गोष्ट आणि पहिले वाचन

(सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या न्यासाची पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा साहजिकच हिशेब मांडले जातात. मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळेच्या खोल्या, भोजनशाळा, शिष्यवृत्त्या, पाठशाळेची वास्तू, दानशूर व्यक्तींची नामावली या सर्वांची नोंद होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु या हिशेबात सहसा न येणारा एक प्रश्न आहे. पाठशाळेच्या कपाटात जे ग्रंथ, ज्या पोथ्या आणि जी कथापुस्तके मोठ्या श्रद्धेने जमवली गेली आहेत, ती पुढच्या पन्नास वर्षांत वाचणार कोण? प्रश्न मोठा असला तरी त्याचे उत्तर एका लहान जागी दडलेले आहे. सहा-सात वर्षांचे मूल आपले पहिले पान स्वतःच्या बळावर वाचते, त्या ठिकाणी. आजचा विषय म्हणूनच बालवाचनाचा, आणि त्यातही प्राण्यांच्या मैत्रीच्या गोष्टींचा आहे.

पाठांतर आणि वाचन

जैन कुटुंबातील मूल तीन-चार वर्षांचे झाले की णमोकार मंत्र म्हणू लागते. थोड्याच काळात चोवीस तीर्थंकरांची नावे, आरती, एखादे स्तवन त्याला मुखोद्गत होते. ही परंपरा मोलाची आहे. मौखिक परंपरेनेच आगमांचे ज्ञान शतकानुशतके टिकून राहिले, हे सर्वश्रुत आहे. पण पाठांतर आणि वाचन ही दोन भिन्न कौशल्ये आहेत, हे अनेकदा ध्यानात येत नाही. पाठशाळेत मूल पुस्तकावर बोट ठेवून अस्खलित म्हणत असते. मात्र ओळीतला मधलाच एखादा शब्द दाखवून 'हा कोणता?' असे विचारले, तर ते पुन्हा पहिल्या शब्दापासून म्हणायला सुरुवात करते आणि त्या शब्दापाशी येऊन थांबते. डोळ्यांनी वाचलेले नसते, कानांनी साठवलेले असते.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मूल घरी मराठी बोलते, आजीची गोष्ट समजून घेते, प्रवचनातला भावही त्याला कळतो. परंतु बाळबोध लिपीतील पान समोर आले की ते अडखळते. केवळ शहरी इंग्रजी शाळांपुरती ही अडचण मर्यादित नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून ग्रामीण भारतात 'असर' सर्वेक्षण होत आले आहे. त्याच्या २०२४ च्या अहवालानुसार इयत्ता तिसरीतील साधारण चौथा हिस्सा मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकत असते. त्यानंतर त्याला वाचून शिकावे लागते. गणितातील शाब्दिक उदाहरण असो, परिसर अभ्यास असो की धर्मबोधाचे पुस्तक असो, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासमोर सर्वच दारे एकदम बंद होतात. असे मूल मंद आहे असा शिक्का लवकर बसतो, आणि पुढे ते मूल स्वतःही तो शिक्का खरा मानू लागते.

मंद राजपुत्र आणि जैन मुनी

पंचतंत्राचा आरंभ नेमका अशाच मुलांपासून होतो. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती याचे तीन पुत्र अभ्यासाला पाठ दाखवणारे. विष्णुशर्मा नावाच्या वृद्ध पंडिताने त्यांना सहा महिन्यांत शहाणे करण्याचे वचन दिले आणि शास्त्रग्रंथांऐवजी प्राण्यांच्या गोष्टी रचून त्यांना शिकवले. ही चौकट ऐतिहासिक आहे की कल्पित, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यातील शिक्षणविचार स्पष्ट आहे. ज्याला 'शिकता येत नाही' असे सर्वांनी ठरवले आहे, त्याच्यापर्यंत गोष्ट पोहोचते.

या ग्रंथाशी जैन परंपरेचा संबंध किती जवळचा आहे, हे समाजात फारसे ठाऊक नाही. पूर्णभद्र नावाच्या जैन मुनींनी इसवी सन ११९९ मध्ये, सोम नावाच्या मंत्र्याच्या विनंतीवरून, पंचतंत्राची नवी शुद्ध प्रत सिद्ध केली. ती 'पंचाख्यानक' या नावाने ओळखली जाते. मूळ ग्रंथ हस्तलिखितांच्या परंपरेत विस्कटून गेला होता; तो अक्षरापासून श्लोकापर्यंत तपासून पुन्हा जुळवल्याचे मुनिश्रींनी ग्रंथाच्या शेवटी नमूद केले आहे. जर्मन पंडित योहान्नेस हर्टेल यांनी याच प्रतीचे संपादन करून ती १९०८ साली हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध केली, आणि आर्थर रायडर यांनी १९२५ साली केलेले प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर तिच्यावरच आधारलेले आहे. पुढे सतराव्या शतकात मेघविजय या जैन मुनींनीही पंचाख्यानाची आणखी एक आवृत्ती रचली. आत्मसाधनेला वाहून घेतलेल्या विद्वान मुनींना कावळ्या-उंदरांच्या गोष्टी शुद्ध करण्यासाठी वेळ द्यावासा वाटला, यातच बालशिक्षणाचे महत्त्व सामावलेले आहे.

मराठीतील मुद्रित बालवाङ्मयाचा उगमही प्राणिकथांतूनच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या मुद्रणालयात इसापाच्या कथांचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावलि' या नावाने छापले गेले. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसपनीति' आली आणि तिच्यावर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या वाचायला शिकल्या. तात्पर्य एवढेच, की मराठी मुलाने पहिल्याप्रथम प्राण्यांची गोष्ट वाचावी, हा शिरस्ता दोनशे वर्षांचा आहे.

गोष्ट अशी आहे

पंचतंत्राच्या पाच तंत्रांपैकी दुसऱ्या तंत्राचे नाव 'मित्रसंप्राप्ती'. त्याची मुख्य कथा बहुतेकांनी बालपणी ऐकलेली असली, तरी ती थोडक्यात स्मरणात आणणे उपयुक्त ठरेल.

पारध्याने पसरलेल्या जाळ्यात कबुतरांचा थवा सापडतो. त्यांचा राजा चित्रग्रीव सर्वांना एकाच वेळी उडायला सांगतो आणि थवा जाळ्यासकट उडून हिरण्यक नावाच्या उंदराच्या बिळापाशी उतरतो. हिरण्यक आपल्या मित्राचे, म्हणजे राजाचे, पाश आधी तोडायला धावतो. चित्रग्रीव त्याला थांबवतो. आधी परिवार मोकळा होऊ दे, राजाचा पाश शेवटी. लघुपतनक नावाचा कावळा हे सारे पाहत असतो. त्यालाही असा मित्र हवासा वाटतो आणि तो उंदराच्या दाराशी जाऊन मैत्री मागतो. उंदीर आतूनच नकार देतो. कावळा खाणारा आणि उंदीर त्याचे खाद्य. अशांची मैत्री कशी व्हावी? कावळा तिथून हलत नाही. शेवटी विश्वास बसतो. पुढे दोघे मंथरक नावाच्या कासवाच्या तळ्यावर राहायला जातात आणि पारध्याला भिऊन पळत आलेला चित्रांग नावाचा हरीण त्यांच्यात चौथा होतो.

एके दिवशी हरीण परतत नाही. कावळा उडत जाऊन त्याला पाशात अडकलेले पाहतो, उंदराला पाठीवर घेऊन येतो आणि उंदीर पाश कुरतडू लागतो. इतक्यात कासवही हळूहळू चालत तिथे येऊन पोहोचते. पारधी येतो तेव्हा हरीण पळते, कावळा उडतो, उंदीर बिळात शिरतो. कासव मात्र सापडते. मग तिघे युक्ती करतात. हरीण पाण्याच्या काठी मेल्याचे सोंग घेऊन पडते, कावळा त्याच्या डोळ्यांवर चोच मारल्यासारखे करतो, पारधी हरणाच्या लोभाने कासवाला खाली ठेवतो, उंदीर कासवाचे बंध तोडतो आणि चौघे सुखरूप निसटतात.

हीच कथा इसवी सनाच्या सहाव्या शतकात पहलवी भाषेत आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याच्या लेखणीतून अरबीत गेली. दहाव्या शतकात बसरा नगरीतील तत्त्वचिंतकांच्या एका मंडळाने स्वतःला 'इख्वान अस्-सफा', म्हणजे निर्मळ मनाचे बंधू, असे नाव घेतले. ते नाव या कबुतरांच्या कथेतील शब्दांवरून सुचले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्याहून प्राचीन असे एक रूप बौद्धांच्या कुरुंगमिग जातकात आढळते. त्यात हरीण, सुतारपक्षी आणि कासव असे तिघे मित्र आहेत, आणि मध्य प्रदेशातील भरहुतच्या स्तूपावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पात ती कथा कोरलेली आहे. ज्या काळी बहुतेक प्रजेला अक्षरओळख नव्हती, त्या काळी ही गोष्ट दगडावर वाचली जात होती.

वाचणाऱ्या मुलाच्या बाजूने

ही गोष्ट नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासाठी विशेष सोयीची का आहे, याची कारणे पाहणे अगत्याचे आहे.

पहिले कारण अक्षरांचे आहे. मराठी वाचनात मुलाची खरी कसोटी जोडाक्षरांपाशी लागते. स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांटी, उकार इथपर्यंत ते येते आणि 'त्र', 'ग्र', 'ण्य' यांपाशी अडते. या कथेतील पात्रांकडे या दृष्टीने पाहावे. कबुतर, उंदीर, कावळा, कासव, हरीण: पाचही नावांत एकसुद्धा जोडाक्षर नाही. लघुपतनक आणि मंथरक ही संस्कृत नावेदेखील लांब असली तरी सरळ आहेत. चित्रग्रीव, चित्रांग आणि हिरण्यक ही कठीण नावे. तेव्हा पहिल्या वाचनात प्राण्यांची घरगुती नावे, दुसऱ्यात लघुपतनक आणि मंथरक, आणि तिसऱ्यात उरलेली नावे, असा क्रम आपोआप मिळतो. गंमत अशी, की खुद्द 'मित्र' आणि 'मैत्री' हे शब्दही जोडाक्षरी आहेत. म्हणून आरंभी 'सोबती' हा शब्द घ्यावा. जोडाक्षर टाळून ही गोष्ट कशी लिहिता येते, याचा एक नमुना पुढे दिला आहे.

एक तळे होते. तळाशी कासव राहत होते. काठावर उंदराचे बीळ होते. झाडावर कावळा बसत होता. एके दिवशी हरीण पळत आले. ते धापा टाकत होते. कावळा उंच उडाला. चहूकडे पाहून परत आला. कोणी नाही, तो बोलला. हरीण पाणी पिऊन सावलीत बसले. तेही तिथेच राहिले. आता चार सोबती झाले.

सांज झाली. हरीण आले नाही. कावळा उडाला. दूर रानात हरीण दिसले. हरणाचे पाय दोरीत अडकले होते. कावळा परत आला. उंदराला पाठीवर बसवले. दोघे निघाले. कासव मागून निघाले. हळू, हळू, हळू.

एवढा मजकूर पाठशाळेतील कोणतीही ताई फळ्यावर लिहू शकते. त्यासाठी छापील पुस्तकाचीही गरज नाही.

दुसरे कारण पुनरावृत्तीचे आहे. पाश, जाळे, बीळ, तळे, उडणे, कुरतडणे हे शब्द कथेत वारंवार येतात. सुटका प्रथम कबुतरांची, नंतर हरणाची, नंतर कासवाची होते, आणि तिन्ही वेळा उंदराचे दातच कामी येतात. तिसऱ्या वेळी 'उंदीर' हा शब्द दिसताच मूल पुढचे वाक्य ओळखते. अंदाज खरा ठरण्यातला आनंद त्याला पुढच्या ओळीकडे घेऊन जातो. वाचनाचा सराव असाच होतो. धाकाने होत नाही.

तिसरे कारण अधिक खोलवरचे आहे. या चौघांपैकी प्रत्येकाला एक गोष्ट येते आणि बाकीच्या येत नाहीत. कावळ्याला दुरून पाहता येते, पण पाश तोडता येत नाही. उंदराला पाश तोडता येतो, पण रानात दूरवर जाता येत नाही. हरणाला पळता येते, पण अडकल्यावर तेच असहाय होते. कासवाला तर मदतीचे काहीच येत नाही, तरीही ते येते. वर्गात सर्वांत मागे पडलेले मूल या कथेत स्वतःला शोधते, आणि बहुधा त्याला ते कासवात सापडते. त्याला हेही वाचायला मिळते, की कासव सावकाश होते म्हणून तिघांनी त्याला पारध्याच्या हाती सोडून दिले नाही.

तात्पर्याची घाई

आता एक सावधगिरी. गोष्ट संपताच 'यावरून काय बोध घ्याल?' असा प्रश्न विचारण्याची सवय घरोघरी आहे. त्यामागचा हेतू चांगला असतो. पण मूल लवकरच हुशार होते. ते गोष्ट न वाचताच 'संकटात मदत करतो तोच खरा मित्र' असे पाठ केलेले उत्तर देते. पुन्हा पाठांतरच झाले! त्याऐवजी कथेतला प्रश्न विचारावा. उंदराने कावळ्याला आधी नकार दिला, ते बरोबर होते का? अनोळखी माणसाने गोड बोलून जवळ बोलावले तर काय करावे, हे शिकवण्याची आजच्या काळात नितांत गरज आहे, आणि उंदराचे ते सावध वागणे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. कासवाने तळे सोडून यायला हवे होते का? ते आले म्हणूनच तर नवे संकट ओढवले. हरणाने मेल्याचे सोंग घेतले, ते खोटे वागणे झाले का? सत्यव्रताची ओळख होत असलेल्या मुलांत या प्रश्नावर चांगलाच वाद रंगतो. उत्तर शोधण्यासाठी मूल पुस्तक उघडते आणि ती ओळ पुन्हा वाचते. वाचनाची गरज त्याची स्वतःची झाली, की शिक्षकाचे अर्धे काम संपले.

दुसरी सावधगिरी निवडीबाबत. पंचतंत्रातील सर्वच कथा लहानग्यांसाठी नाहीत. पहिल्याच तंत्राचे नाव 'मित्रभेद' आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या गाढ मैत्रीत दमनक नावाचा कोल्हा विष कालवतो आणि शेवटी सिंहाच्या हातून मित्राचा वध होतो. राजनीतीच्या विद्यार्थ्याला ही कथा आवश्यक आहे. सहा वर्षांच्या मुलाने आधी मैत्री कशी जुळते ते वाचावे आणि ती कशी तुटते ते मागाहून. मित्रसंप्राप्तीच्या मुख्य कथेत कोणाचाही वध होत नाही. पारध्यालाही इजा होत नाही. तो रिकाम्या हाताने घरी जातो. अहिंसेचा संस्कार देऊ इच्छिणाऱ्या घराला याहून अनुकूल आरंभ शोधून सापडणार नाही.

उचललेला पाय

जैन साहित्यातही अशा कथांचे मोठे भांडार आहे. श्वेतांबर आगमांतील ज्ञाताधर्मकथा या अंगाच्या पहिल्याच अध्ययनात मेघकुमारची कथा येते. राजा श्रेणिकाचा हा पुत्र भगवान महावीरांपाशी दीक्षा घेतो. पहिल्याच रात्री ये-जा करणाऱ्या मुनींच्या पायांच्या स्पर्शाने आणि धुळीने त्याची झोप उडते, आणि सकाळी घरी परतावे असे त्याच्या मनात येते. भगवान त्याला रागवत नाहीत. ते त्याला त्याच्या पूर्वजन्माची गोष्ट सांगतात.

त्या जन्मी तो मेरुप्रभ नावाचा हत्ती होता. वणव्याचा अनुभव असल्याने त्याने रानात गवत-झुडपे उपटून एक मोकळे मंडल तयार करून ठेवले होते. वणवा पेटला तेव्हा सिंहापासून सशापर्यंत सर्व प्राणी त्या मंडलात दाटीवाटीने येऊन उभे राहिले. अंग खाजवण्यासाठी हत्तीने एक पाय उचलला. तेवढ्यात रिकाम्या झालेल्या जागेत एक ससा येऊन बसला. पाय खाली ठेवला तर ससा चिरडेल, म्हणून हत्ती तसाच उभा राहिला. वणवा विझेपर्यंत, अडीच दिवस. प्राणी पांगले, ससाही गेला. हत्तीने पाय टेकवू पाहिला तो आखडून गेला होता. हत्ती कोसळला आणि पुढे मरण पावला. त्याच करुणेच्या पुण्याईने तो राजपुत्र होऊन जन्माला आला. ज्याने सशासाठी अडीच दिवस एक पाय उचलून धरला, त्याला मुनींच्या पायांचा एका रात्रीचा त्रास सहन होऊ नये? भगवानांच्या कथनाने मेघकुमारचे मन स्थिर झाले.

हत्ती आणि ससा यांची ओळखही नव्हती. मैत्रीच्या कथांमध्ये ही कथा त्यामुळे एक पायरी वरची आहे. आधी ओळखीच्या सोबत्याची गोष्ट, मग अनोळखी जीवाची. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांच्या परस्पर-उपकाराविषयी जे सूत्र आहे आणि भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणमहोत्सवाच्या वेळी, १९७४-७५ साली, स्वीकारलेल्या जैन प्रतीकाच्या तळाशी जे लिहिलेले असते, त्याचा अर्थ बालमनाला या दोन पायऱ्यांनी सहज उमगतो.

मंदिरात येणाऱ्या मुलासाठी आणखी एक सोय आहे. तीर्थंकरांच्या मूर्तींच्या आसनावर त्यांची लांछने कोरलेली असतात: ऋषभदेवांचा वृषभ, संभवनाथांचा घोडा, शांतिनाथांचे हरीण, मुनिसुव्रतनाथांचे कासव, महावीरांचा सिंह. चार सोबत्यांपैकी हरीण आणि कासव हे दोघे मुलाने रोजच्या दर्शनात आधीच पाहिलेले असतात. लांछनाच्या चित्राखाली ठळक अक्षरांत एकेक शब्द लिहून ठेवला, तर मंदिराची भिंतच वाचनपाठ होते.

खरी घडलेली एक मैत्री

आठ-नऊ वर्षांची मुले एक प्रश्न हमखास विचारतात: हे खरेच घडले का? अशा वेळी त्यांच्या हाती खरी गोष्ट असावी. २००४ च्या डिसेंबरात पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात पावसाच्या पुराने पाणघोड्यांचा एक कळप नदीतून समुद्राकडे वाहून गेला. २६ डिसेंबरच्या त्सुनामीनंतर मालिंदी गावाजवळ एक वर्षाचे एकटे पिल्लू अडकलेले आढळले. गावकऱ्यांनी जाळी टाकून महत्प्रयासाने ते बाहेर काढले आणि मोंबासाजवळच्या हॅलर पार्कमध्ये नेले. त्याचे नाव ओवेन ठेवले गेले. तिथे गेल्यावर ते थेट एका महाकाय कासवाच्या आडोशाला जाऊन बसले. सुमारे १३० वर्षांच्या त्या कासवाचे नाव म्झे; स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ वडीलधारे माणूस. कासवाने आधी फुत्कार टाकून दूर जाण्याचा प्रयत्न केला. पिल्लाने पाठ सोडली नाही. काही दिवसांत दोघे एकत्र चरू लागले, एकत्र पोहू लागले, एकमेकांलगत झोपू लागले.

या घटनेवर २००६ साली मुलांसाठी छायाचित्रांचे पुस्तक निघाले आणि जगभर वाचले गेले. उंदराचा नकार आणि कावळ्याचा हट्ट यांच्याशी तिचे साम्य मुले स्वतःच हेरतात. मात्र गोष्टीचा पुढचा भागही त्यांना सांगावा. पाणघोडा वाढत गेला, त्याच्या ताकदीने कासवाला इजा होण्याचा संभव निर्माण झाला, आणि २००७ साली त्याला दुसऱ्या पाणघोड्याच्या सोबतीला वेगळे हलवण्यात आले. काही मैत्री ठरावीक काळापुरती असते आणि तरीही ती खरी असते, हे मुलाला समजू शकते. शाळा बदललेल्या, गाव सोडलेल्या मुलाला तर ते मोठ्यांपेक्षा लवकर समजते.

घरी आणि पाठशाळेत

या सर्व विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग काय? त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्याच्या पाठशाळेत पंधरा मिनिटे केवळ वाचनासाठी राखून ठेवावीत. आधी शिक्षिकेने शब्दांखाली बोट फिरवत गोष्ट वाचावी, मग सर्वांनी एकत्र वाचावी, मग दोन-दोन मुलांनी जोडीने. जोडीत एक चांगला वाचणारा आणि एक अडखळणारा असावा. अडखळणाऱ्याला शब्द लगेच न सांगता पाचपर्यंत मनात मोजण्याची शिस्त दुसऱ्याला लावावी. मधलाच शब्द दाखवून विचारण्याची कसोटी महिन्यातून एकदा घ्यावी, पण तिला परीक्षेचे रूप देऊ नये.

घरी आजी-आजोबांची भूमिका महत्त्वाची आहे. गोष्ट त्यांनी सांगावी, पण उत्कंठेच्या जागी, पारधी आला त्या क्षणी, थांबून पुस्तक नातवाच्या हाती द्यावे. ज्या घरांत गुजराती, मारवाडी किंवा कन्नड बोलली जाते, तिथे गोष्ट घरच्या भाषेत सांगून मग मराठीत वाचायला द्यावी. कथानक आधीच ठाऊक असल्याने लिपीचे ओझे हलके होते.

पुस्तकांची आज उणीव नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या १९५७ साली स्थापन झालेल्या दोन्ही संस्थांनी अल्प किमतीत बालपुस्तके दिली. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सने मराठीसह अनेक भारतीय भाषांत चित्रमय पुस्तके काढली आणि २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या उपक्रमातून वाचनपातळीनुसार लावलेल्या गोष्टी विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. न्यासाच्या ग्रंथालयात मोठ्या ग्रंथांच्या कपाटाखालीच, मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर, अशा पुस्तकांचा एक खण असावा, आणि त्याला कुलूप नसावे. पाने फाटतील, कोपरे दुमडतील. वापरलेल्या पुस्तकाचीच ती खूण असते.

शास्त्रदानाला जैन परंपरेत उच्च स्थान आहे. ग्रंथ लिहवून घेऊन ते भांडारांत अर्पण करणाऱ्या श्रावक-श्राविकांच्या पुण्याईनेच पूर्णभद्रांचे पंचाख्यानकही आजपर्यंत पोहोचले. परंतु शास्त्र घेणाऱ्याला वाचता आले, तरच ते दान पूर्ण होते. एखाद्या अडखळत्या मुलाशेजारी रोज दहा मिनिटे बसणे, हेही त्या दानाचेच अंग आहे, आणि ते ज्येष्ठांपासून महाविद्यालयीन युवकांपर्यंत कोणालाही देता येण्यासारखे आहे.

न्यासाच्या पुढील वाटचालीत पाठशाळेतील एकही मूल केवळ ऐकून म्हणणारे राहू नये, प्रत्येकाने आपली पहिली गोष्ट स्वतः वाचावी, आणि सावकाश येणाऱ्या कासवासाठी बाकीच्यांनी थांबावे, एवढी मंगल कामना.

जयजिनेंद्र!